सोऱ्या मंजूर यादीत नाही

माझ्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस माझं कामाचं टेबल बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "घरात कोणी आजारी आहे का?" त्याची चूक नाही. टेबलावर सुई काढलेल्या दोन सिरिंजा असतात, दात तपासायची आकडी असते, कापूस असतो, स्पिरिट असतं, दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं असतं. मग त्याच्या नजरेला चकलीचा सोऱ्या, शेवयांचं यंत्र आणि सरबताची रिकामी बाटली पडते. आता हा आजार नेमका कोणता, हे काही त्याला कळत नाही.

कोणी आजारी नाही. मी गेली अठरा वर्षं पॉलिमर क्लेच्या वस्तू करते. फ्रिजवर चिकटवायची करंगळीएवढी मासळीची थाळी, कानातले हापूस, रुपयाच्या नाण्यावर मावेल असा फणस. नावात क्ले असलं तरी तिच्यात मातीचा कणही नाही. ते एक प्रकारचं प्लास्टिकच आहे, मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं. कणकेसारखं मळायचं, आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये बेताच्या आचेवर भाजायचं, की कडक होतं. भाजलं नाही तर महिनोन्‌महिने मऊच. आच जास्त झाली तर असा धूर होतो, की शेजारी विचारायला येतात, टायर कोणाचं पेटलं?

ही वस्तू आमच्या घरात आणली माझ्या नवऱ्याने. तो कुवेतला क्रेन चालवायचा. एका सुट्टीत लेकीसाठी खेळणं म्हणून रंगीत वड्यांचा डबा घेऊन आला. लेकीने मांजर केलं. आठ दिवस झाले तरी मांजर वाळेना. "फसवलं मेल्यांनी," म्हणून तो तसाच परत गेला. पुढे लेकीनेच पाकिटावरचं इंग्रजी लावून सांगितलं, "अम्मी, हे भाजायचं असतं." मांजर भाजलं, आणि मी त्यात पडले ती पडलेच.

काही वर्षांनी मोबाइलवर परदेशातल्या बाया बघायला लागले. त्यांच्या प्रत्येकीपुढे चाळीस हत्यारं, सगळी एका रंगाच्या मुठींची, मखमलीच्या खणांत झोपवलेली. त्यांतलं एकही रत्नागिरीच्या बाजारात मिळत नव्हतं. मी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मला शांत वाटलं. लाटणं चालत नाही, कारण लाकडाला क्ले चिकटते, म्हणून सरबताची काचेची बाटली. एकसारखा पातळ पापुद्रा हवा तर ईदच्या शेवयांचं यंत्र. त्याच्या रुळांतून क्ले अशी निघते, जशी इस्त्री केलेली. भाताची शितं हवीत तर सोऱ्यातून बारीक तार काढायची आणि ब्लेडने कापत जायची. बांगड्याचा डोळा रिकाम्या रिफिलीच्या टोकाने उठतो. सुरमईला खवलं दिसत नाहीत, पण तांबोशीला हवीत. सरबताची नळी उभी चिरून तिच्या कडेने ओळीने दाबत गेलं की खवलं. मे महिन्यात क्ले लोण्यासारखी होते, तेव्हा ती साध्या कागदात दाबून ठेवते. जादा तेल कागद पितो.

दातांची आकडी एका दंतवैद्याने दिली. त्याला दवाखान्याच्या टेबलावर ठेवायला मोठी दाढ हवी होती, किडलेली आणि तरीही हसणारी. मी म्हटलं, "डॉक्टर, किडलेली दाढ हसते कशी?" तो म्हणाला, "पेशंटला धीर यायला हवा." केली. बदल्यात त्याने बोथट झालेल्या आकड्या उकळून, पुसून डबाभर दिल्या. त्यांच्याइतकं चांगलं हत्यार मला आजवर मिळालेलं नाही. मोदकाच्या पाकळ्या काढाव्यात त्यांनीच.

गिऱ्हाइकांबद्दल लिहायचं तर अंक पुरणार नाही. पुण्याच्या एका नवरीला लग्नात वाटायला "अस्सल कोकणी थाळी" हवी होती, फक्त तीत मासा नको. मस्कतच्या एका गृहस्थांना सुरमईचा तुकडा पाठवला. वाटाण्याएवढा तुकडा. त्यांनी फोटोवर गोल काढून परत पाठवला: "हा शेपटीकडचा आहे. मला पोटाकडचा हवा." ते मात्र बरोबर होतं. मी मुकाट्याने दुसरा करून दिला.

या कामात एक नियम आहे. जी वस्तू एकदा क्लेला लागली, ती पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही. कितीही घासा, प्लास्टिकचा अंश फटीत राहतो आणि पोटात जातो. माझा सोऱ्या वेगळा, यंत्र वेगळं, ओव्हनही वेगळा. हा नियम मला पाठ होता. तो मी एका बाईच्या बाबतीत कसा विसरले, आणि मग आठवला तो किती वाईट रीतीने, ते सांगायचं आहे.

महिलांना स्वावलंबी करणाऱ्या एका संस्थेने मला सहा आठवड्यांचा वर्ग घ्यायला बोलावलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांच्या पत्रकावर अजून माझा फोटो आहे. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीजवळ एका बंद कारखान्याचा वरचा मजला, बारा बायका आणि निखिल सर. निखिल सर पुण्याचे, तिशीचे, गळ्यात ओळखपत्र. अंघोळीलाही ते काढत नसावेत. त्यांच्या वाक्यात चुकून सलग दहा मराठी शब्द आले की त्यांचेच कान टवकारायचे.

"रुकय्या मॅडम," ते पहिल्या दिवशी म्हणाले, "आपल्याकडे प्रत्येकीला स्टँडर्ड टूलकिट मिळणार. चाळीस पीसेस."

"कधी?"

"प्रोसेसमध्ये आहे."

दोन आठवडे पेट्या प्रोसेसमध्येच राहिल्या. मी बायकांना सांगितलं, घरातलं मोडकंतोडकं जे असेल ते घेऊन या. दुसऱ्या दिवशी जत्रा भरली. बटणं, क्रोशाच्या सुया, तुटकी फणी, मेंदीचे कोन, टाचणी खोचलेलं पेन. आणि सुगंधाने पिशवीतून पितळी सोऱ्या काढला.

सुगंधा मंडणगडकडच्या एका डोंगरातल्या वाडीची, मिरजोळ्याला दिलेली. नवरा मुंबईला कंपनीत, घरी ही आणि सासू. बोलायची कमी. हात मात्र असा, की मी दाखवायच्या आत तिने केलेलं असायचं. तिचा सोऱ्या जुना, जड, आणि त्याच्या एका चकतीची भोकं इतकी बारीक, की तार अगदी केसासारखी निघायची. माझ्या बाजारातल्या सोऱ्यातून तशी कधी निघाली नव्हती. नियम मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितला होता, खरं आहे. पण तो सोऱ्या बघितल्यावर "हा कोणाचा, घरी विचारलंस का?" एवढं विचारायचं माझ्या तोंडून निघालं नाही. मला ती तार हवी होती. लोभ झाला, दुसरं काय.

तिसऱ्या आठवड्यात पेट्या आल्या. गुलाबी. उघडल्या तर साचे: बर्फाचा माणूस, शिंगांचं हरीण, बर्फातलं झाड आणि कोणत्या मुलखातलं ते कोणालाच सांगता येईना असं एक पाचबोटी पान. सुरी प्लास्टिकची, उकडलेल्या बटाट्यातही वाकली असती.

वर्गात मला सगळ्या बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायच्या. फरीदा बर्फाचा माणूस उलटा-सुलटा करून म्हणाली, "बाजी, ह्यो बाबा कोण?"

"बर्फाचा माणूस."

"रत्नांग्रीत येऊन राहील का गो हा? पायरीवर पोचायच्या आधीच वितळेल."

सुगंधाने तो साचा घेतला, क्लेवर दाबला, माणसाचं डोकं ब्लेडने उडवलं आणि उरलेल्या पोटाला आकडीने पाकळ्या काढल्या. मोदक! अख्खा वर्ग हसला. त्या चाळीस नगांचा संपूर्ण प्रशिक्षणात झालेला उपयोग तो एवढाच.

पाचव्या आठवड्यात निखिल सर घामेघूम होऊन आले. "उद्या मुंबईहून विभागीय मॅडम इन्स्पेक्शनला येतायत. टेबलांवर फक्त किट दिसलं पाहिजे. बाकीचं जे… जे सामान आहे, ते नको."

"मग काम कशाने करायचं?"

"मॅडम, काम थोडंच करायचंय? प्रात्यक्षिक दाखवायचंय."

आज हे वाक्य सांगून मी लोकांना हसवते. त्या दिवशी मी हसले नाही. मी मान डोलावली. बायकांच्या हातात प्रमाणपत्र पडायचं होतं, पुढचा वर्ग मलाच मिळायचा होता, आणि जिन्याखालच्या फलकावर "मुख्य प्रशिक्षक" म्हणून माझं नाव लागलं होतं ते मला बघायला आवडायचं. आम्ही सगळी खरी हत्यारं गोणपाटात भरून दाराआड ठेवली. अठरा वर्षांचं माझं शहाणपण दाराआड, आणि मी टेबलावर हरणाच्या साच्याशेजारी.

विभागीय मॅडम आल्या. शांत, नीटस बाई. हातात चिमटा लावलेल्या कागदांची पाटी. एकेक टेबल बघत सुगंधापाशी थांबल्या. सुगंधाचं एक काम अर्धं राहिलं होतं, म्हणून तिने सोऱ्या मांडीवर पदराआड धरला होता. पितळ लपून राहतं होय?

"हे काय?"

"सोऱ्या," सुगंधा म्हणाली.

"मंजूर यादीत आहे का?"

निखिल सरांनी यादी काढली. वरून खाली गेले, खालून वर आले. "नाही, मॅडम."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि एक साठीची बाई धापा टाकत वर आली. काष्टा घातलेलं लुगडं, हातात छत्री. आली ती सुगंधापुढे उभी राहिली.

"माजा सोऱ्या."

ही सीताबाई, सुगंधाची सासू. गणपती आठ दिवसांवर आले होते. मुंबईचा मुलगा आणि त्याच्यासोबतचे चाकरमानी येणार म्हणून चकलीची भाजणी दळून तयार होती. सोऱ्या सापडेना म्हणून तिने घर पालथं घातलं होतं. शेवटी शेजारणीने सांगितलं, तुझी सून पिशवीतून घेऊन जाताना दिसली होती.

"या कोण? ट्रेनी आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम," निखिल सर म्हणाले आणि माझ्या कानाशी आले, "देऊन टाका हो, जाऊ दे त्यांना."

सुगंधाने सोऱ्या पुढे केला. मी मध्ये गेले. "सीताबाई, थांबा. यात प्लास्टिक गेलंय. आता यातून चकली करता येणार नाही."

"धुतला की झाला."

"नाही होत. चकतीच्या भोकांत राहतं. कढईत उतरेल, पोरांच्या पोटात जाईल."

तिने छत्री जमिनीवर टेकवली. "माज्या आवशीचा सोऱ्या हाय तो. म्हायेरचा. कुणाला इचारून यात पलास्टिक घातलंत?"

विभागीय मॅडमनी पाटीवर पेन टेकवलं. सुगंधा माझ्याकडे बघत होती, आणि तिला माझ्याकडून काय हवं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. "चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं." सहा-सात शब्द. त्यांना काय वेळ लागतो?

मी म्हणाले, "वापरलेल्या वस्तू घरच्या स्वयंपाकाच्या नसाव्यात, अशी प्रशिक्षणार्थींना स्पष्ट सूचना देण्यात आली होती."

देण्यात आली होती! मी आयुष्यात घरी कधी असं बोलले नव्हते. माझ्या तोंडून निखिल सर बोलले, आणि तेही शुद्ध मराठीत. मॅडमनी समाधानाने काहीतरी लिहिलं. सुगंधाने मान खाली घातली ती वर केली नाही.

सीताबाई शिकलेली नव्हती. पण कोणी कोणावर ढकललं, हे समजायला शाळा लागत नाही. तिने सोऱ्या सुगंधाच्या हातातून घेतला आणि माझ्या टेबलावर, बर्फाच्या माणसांच्या मधोमध, धाडकन ठेवला.

"सोऱ्या ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," ती म्हणाली. "सून नेते माजी."

आणि नेली. जिन्यावर दोघींच्या चपला वाजत गेल्या. मग मॅडमनी विचारलं, "उपस्थिती अकरा लिहू?"

"बारा, मॅडम," निखिल सर म्हणाले. "सकाळी सही झालेली आहे."

वर्गाला "उत्कृष्ट" शेरा मिळाला. अहवालात फोटो छापला: अकरा बायका, प्रत्येकीच्या हातात एकेक बर्फाचा माणूस, मध्ये मी. प्रमाणपत्रं बारा आली. सुगंधाचंही आलं. तिने प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं आहे, असं त्यावर लिहिलं होतं. खाली माझी सही.

ते प्रमाणपत्र माझ्या कपाटात पडून राहिलं. रोज ठरवायची, आज जाते. रोज एखादी ऑर्डर निघायची. मिरजोळे माझ्या घरापासून रिक्षाने किती जवळ, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. नवरा आता कायमचा परत आलाय. तो एक दिवस म्हणाला, "तुझ्याच्याने जाववत नसेल तर पोस्टात टाक." मला इतका राग आला, की त्याच दुपारी मी निघाले. वाटेत बाजारातून एक नवा पितळी सोऱ्या घेतला, तिचा जुना पिशवीत होताच.

गणपती होऊन गेले होते. सीताबाई पडवीत बसली होती. माझ्या हातातला नवा सोऱ्या बघून म्हणाली, "ह्यो कशाला? झिलानं आणला मुंबयसून, दोन दिवस आधी. चकल्या झाल्या, खाऊन पण झाल्या."

म्हणजे तीही भरपाई गेली. मी पायरीवर बसले. सुगंधा आतून पाणी घेऊन आली. मी तांब्या हातात घेतला आणि प्यायच्या आधीच सुरू केलं, नाहीतर तेही पुढे ढकललं असतं.

"सुगंधा, तुझ्या सोऱ्याची तार मला आवडली म्हणून मी विचारलं नाही, कोणाचा ते. आणि त्या दिवशी दोष तुझ्यावर टाकला. चूक माझी होती. सीताबाई, तुमच्यापुढे सांगते."

सुगंधा म्हणाली, "बाजी, मी पण न विचारताच आणला होता. त्याचं नाय काय. पण तुम्ही ते सूचना देण्यात आली होती म्हणालात ना, ते लागलं. तुम्ही आमच्याशी तसं कधी बोलत नव्हता."

मी जुना सोऱ्या दोघींपुढे ठेवला आणि प्रमाणपत्र काढून दिलं. सीताबाईने ते उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "कसलं ह्यां?"

"शिकली त्याचं. त्या दिवशी सकाळी वहीवर सही झाली होती, म्हणून पूर्ण हजर धरलंय."

"ती घरी शिकली," सीताबाई म्हणाली आणि कागद सुगंधाला देऊन टाकला.

तेव्हा माझं लक्ष पडवीच्या कोपऱ्याकडे गेलं. पाटावर एक गुळगुळीत फरशीचा तुकडा, वर्गात मिळालेली उरलेली क्ले आणि पाच-सहा छोट्या थाळ्या. गणपतीत तिने मखराला क्लेचे मोदक लावले होते. नवऱ्याच्या मित्रांनी ते बघितले, फोटो मुंबईला गेले, आणि मागणी आली. भाजायला शेजारणीचा जुना ओव्हन मिळाला होता. मालाची तपासणी सीताबाईकडे. "पयली चकली केली तिला काटंच नव्हतं," ती मला सांगत होती. "मी म्हटलं, ही चकली काय? ही गांडूळ. तुमच्या वर्गात असंच शिकवतात वाटतं." तशीच शिकवली होती, हे मी सांगितलं नाही.

मी एक थाळी उचलली. भात, आमटी, तळलेली मासळी. मासळी माझी जास्त चांगली होते, हे मी अजून म्हणेन. पण ताटात तांदळाची भाकरी होती, आणि ती बघून मी थाळी डोळ्यांजवळ नेली. भाकरीचा तो खडबडीत, बारीक भोकांचा, जागोजाग फुगून करपलेला पापुद्रा हुबेहूब होता. अठरा वर्षं भाकरी मला जमली नव्हती. मी टूथब्रशने ठोकून बघितली, काचकागदाने, रव्यावर दाबूनही बघितली. माझी भाकरी नेहमी भाकरी कमी आणि गालिचा जास्त दिसायची. गिऱ्हाइकं काही बोलायची नाहीत. पण मला दिसायचं.

"ही कशाने केलीस?"

सुगंधा हसली. पाटाखालून तिने मुठीएवढा जांभ्या दगडाचा तुकडा काढला. परसातल्या कुंपणाच्या गडग्याचा, धुऊन वाळवलेला. क्लेची चपटी चानकी त्यावर अंगठ्याने हलकेच दाबायची, उचलायची, आणि काळपट रंग नुसता वरच्या उंचवट्यांवर पुसायचा. झाली भाकरी.

सगळी रत्नागिरी त्या दगडावर उभी आहे. माझ्या घराच्या भिंती त्याच्या, अंगणाची पायरी त्याची. मी त्याच पायरीवर बसून वर्षानुवर्षं मोबाइलमध्ये परदेशी बायांची हत्यारं बघितली. मला हसूही आलं आणि मत्सरही वाटला. खोटं कशाला सांगू? मत्सर आधी वाटला.

मी दोन वेळा दाबून बघितलं. पहिल्यांदा जोर जास्त झाला, दुसऱ्यांदा कमी. सुगंधाने माझा हात धरला नाही. वर्गात मी ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "घाई करू नका, बाजी. तो दगड आहे, तो थांबेल."

"मला शिकवशील हे नीट?" मी विचारलं.

तिने सासूकडे बघितलं. सीताबाईने माझ्या दोन्ही फसलेल्या भाकऱ्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या आणि बाजूला ठेवल्या.

"शिकवील की," ती म्हणाली. "मंगळवारी या. पण वेळेत यायचं. आनि वहीवर सही झाली म्हंजे हजर, असं हितं नाय चालत."